शेवटच्या गाडीची मूठ

८ जानेवारी

पोचले एकदाची. सकाळी सहाला निघाले, दुपारी तीनला फेर्नांदच्या दारात गाडी लावली. शेवटचे तीन तास दोन्ही अंगांना काळपट स्प्रूसची झाडं आणि मध्ये पांढरा रस्ता, बाकी काही नाही. रेडिओही वाटेतच गप्प झाला, मग मीच गात आले. ऐकायला कोणी नव्हतं हे बरंच झालं.

खोली माडीवर, स्वयंपाकघराच्या बरोबर वर. चुलीचं धुराडं माझ्या पलंगाला लागून जातं, त्यामुळे भिंत ऊबदार असते आणि उशीला वाटाण्याच्या सुपाचा वास येतो. फेर्नांद या विश्रांतिगृहाची मालकीण. पासष्टीची, दांडगी, बोलायला तिखट. अंगातला कोट काढायच्या आधीच तिने मला टेबलाशी बसवलं आणि म्हणाली, हडकुळी माणसं थंडीत टिकत नाहीत, बाई, आधी खा. दोन वाडगे सूप आणि मांस भरलेल्या पाईचा हा एवढा तुकडा खाल्ला, तेव्हा सुटका झाली.

चोपन्नाव्या वर्षी नवी नोकरी धरली म्हणून नोएमी अजून चिडवते आहे. लोक या वयात फ्लोरिडाला जातात आणि तू उत्तरेला कुठे निघालीस, असं माझी लेक मला विचारते. पण शाळेची बस बंद झाली, आणि घरात बसून मोजे विणणारी बाई मी नव्हे. सव्वीस वर्षं ती बस चालवली. फेरी संपली की शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं, बाकाबाकाला हात लावून बघायचं, कोणी झोपून तर राहिलं नाही ना. एवढ्या वर्षांत एकही मूल मागे राहिलं नाही. फेर्नांदने मला याच एका गोष्टीवर कामाला घेतलं.

काम सोपं आहे. स्नोमोबाइलवरून, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाडीवरून, जंगल बघायला पाहुणे येतात, त्यांना फेऱ्यावर न्यायचं. पुढे वाटाड्या रेनाल्द, मध्ये पाहुणे, शेवटी मी.

११ जानेवारी

तीन दिवस रेनाल्दबरोबर फेरा शिकते आहे. साठीचा गडी, मिशीला सतत बर्फ लोंबत असतं, शब्द मोजून मापून बोलतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, तुला जड जाणार नाही, पाहुणे म्हणजे मुलंच, फक्त खिशात क्रेडिट कार्ड असलेली.

फेरा एकशे दहा किलोमीटरचा आणि फार देखणा. आधी पाणमांजराचं तळं आडवं ओलांडायचं, मग विजेच्या मनोऱ्यांखालून सरळ लांब वाट. अडतिसाव्या किलोमीटरला एक आंधळं वळण आहे, त्याला सगळे कोपर म्हणतात. एकेचाळिसाव्याला लाकडी थांबा, त्यात पत्र्याची शेगडी. पुढे जळालेलं जंगल, मग धबधबा. धबधबा गोठून निळा झालेला असतो.

हातांच्या खुणा पाठ केल्या. वाटेवर समोरून दुसरा जथा आला की पुढच्याने डावा हात वर करून बोटं दाखवायची, माझ्यामागे इतके आहेत. त्याच्या मागच्याने एक बोट कमी. असं करत शेवटचा मूठ दाखवतो. मूठ म्हणजे माझ्यामागे कोणी नाही, आता वाट तुमची. त्या मुठीवर विसंबून समोरचे वळणात निर्धास्त शिरतात. हेल्मेटात कोणाला काही ऐकू येत नाही, इथे सगळं बोलणं त्या एका हाताचं. मला हे फार आवडलं.

१५ जानेवारी

पहिला खरा फेरा. उणे चोवीस, वारा नाही, आभाळ स्वच्छ. टोरांटोचे तीन भाऊ होते, तिघंही टकले, तिघंही धबधब्यापाशी लहान मुलांसारखे गप्प झाले. मी शेवटून मोजत होते. रेनाल्द, तीन भाऊ, मी. पाच.

थांब्यावर सूप पीत होतो तेव्हा एक जाडा गृहस्थ आत आला. त्याचा जथा आम्हाला कोपरापाशी समोरून भेटला होता. थोडं पुढे जाऊन काहीतरी विसरलं म्हणून तो उलटा आला होता. त्याने मला विचारलं, तुमचा मागे पडलेला माणूस आला का? म्हटलं, आमचा कोणी मागे पडलेला नाही, शेवटची मीच. तो म्हणाला, बाई, तुम्ही मूठ दाखवलीत, मी वळणात शिरलो, तर समोर पिवळी गाडी. थोडक्यात वाचलो. असेल कोणी एकटा, मी म्हटलं. भाऊ हसले. रेनाल्द हसला नाही, शेगडीत लाकूड सारत राहिला.

२३ जानेवारी

आज पुन्हा. पेट्रोल भरताना समोरून आलेली एक बाई मला चांगलीच झापून गेली. नवीन दिसतेस, म्हणाली, शेवटची नसताना मूठ का दाखवतेस? पिवळ्या गाडीवरचा तो म्हातारा तुझ्याच जथ्यातला ना?

मला राग आला. मोजण्यावरून मला आजवर कोणी बोललेलं नाही. संध्याकाळी जेवताना रेनाल्दला सांगितलं, आपल्यामागे कोणी एकटा लागतो, त्याला गाठून समज द्यायला हवी. त्याने चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, मागे काहीही दिसो, तू मूठच दाखवायची. काहीही दिसो. मग न जेवता उठला.

फेर्नांद त्याच्या पाठीकडे बघत होती. त्या बघण्यात माया नव्हती.

३० जानेवारी

मी त्याला पाहिलं. मनोऱ्यांखालच्या सरळ वाटेवर, आरशात, दूर एक पिवळट दिवा. मी थांबले तर तोही थांबला. उलटी फिरून पाचशे मीटर मागे गेले. भुरभुरीत ताज्या बर्फावर फक्त आमच्या पाच गाड्यांचे माग होते.

कोपरापाशी समोरून जथा आला. मी मूठ दाखवली. हात खाली आणून आरशात पाहिलं तर दिवा निम्म्या अंतरावर आला होता.

६ फेब्रुवारी

आज फेर्नांद बटाटे सोलता सोलता बोलली. मी नीट लिहून ठेवते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ईव्हों नावाचा निवृत्त पोस्टमन इथे आला होता. पत्नी वारलेली, मूलबाळ नाही, स्वतःची जुनी पिवळी गाडी घेऊन आला. झाडांचे फोटो काढायला आणि हेल्मेटची काच पुसायला सारखा थांबायचा. तेव्हा शेवटून रेनाल्द असायचा, वीस वर्षं तीच त्याची जागा. त्या दिवशी त्याचा धीर सुटला आणि तो ईव्होंला मागे टाकून पुढे आला. कोपरापाशी समोरून वाट सारखी करणारा ट्रॅक्टर आला. तो चालवत होता आर्मां, फेर्नांदचा भाऊ. आर्मां आजही शपथेवर सांगतो की रेनाल्दने मूठ दाखवली. म्हणून त्याने ट्रॅक्टर वाटेच्या मधोमध घेतला, आणि वळणावर ईव्हों त्याच्यापुढे आला.

रेनाल्दने पोलिसांना सांगितलं की आपण एक बोट दाखवलं होतं. सगळ्यांनी रेनाल्दवर विश्वास ठेवला. आर्मांचं काम सुटलं. आता तो बहिणीकडेही येत नाही, कोणाकडेच जात नाही. पिवळी गाडी न्यायला कोणी आलं नाही, ती शेडमागे ताडपत्रीखाली पडून आहे.

मी विचारलं, मग रेनाल्दला ठेवलंस कशाला? ती म्हणाली, माझ्या डोळ्यांसमोर राहावा म्हणून. एक दिवस खरं बोलेल. मला घाई नाही.

१२ फेब्रुवारी

रेनाल्दला तोंडावर विचारलं. पांढराफटक पडला. म्हणाला, बोटच दाखवलं होतं मी. म्हटलं, मग आता शेवटून का जात नाहीस? म्हणाला, गुडघा दुखतो. पुढे बसून गुडघा कमी दुखतो हे मी आजच ऐकलं.

माझ्याआधी दोन माणसं या जागेवरून महिन्याभरात निघून गेली, हेही आज कळलं. तीसुद्धा मूठ दाखवत होती, त्याच्याच सांगण्यावरून.

म्हणजे मेल्यावरही त्या माणसाला रोज सांगितलं जातं, तू नाहीसच. आणि ते सांगणारा हात आता माझा आहे.

१८ फेब्रुवारी

नोएमीचा फोन. सुट्टी मिळाली, दोन मार्चच्या फेऱ्यात जागा धरली, पैसे भरले. मी ये म्हणाले नाही. थंडी फार आहे, वाट खराब आहे, सांगून पाहिलं. ती म्हणाली, तू कोणाच्या प्रेमात बिमात पडलीस की काय, मला लपवायला बघतेस ती? सत्तावीस वर्षांची घोडी झाली तरी वात्रटपणा जात नाही. बापाच्या माघारी आम्ही दोघीच. नको म्हणायला जीभ रेटली नाही.

२५ फेब्रुवारी

आता तो दहा हातांवर असतो. दिवसाढवळ्या, लख्ख उन्हात. तोंड दिसत नाही, हेल्मेटची काच आतून बर्फाने भरलेली. तो एका हाताने काच पुसतो. पुसतच राहतो. बर्फ आतल्या बाजूला आहे, हे त्याला कळत नाही.

दर मुठीला एक हात जवळ. नोएमी माझ्या पुढे असेल. माझ्यानंतर तीच.

१ मार्च

आली. लाल जाकीट, लाल हेल्मेट, गाल त्याहून लाल. जिन्यावरून ओरडतच वर आली. फेर्नांदने तिलाही हडकुळी ठरवून दोन वाडगे पाजले. अंगणात तिला खुणा शिकवल्या. हात कोपरापासून सरळ, बोटं नीट उघडलेली, उगाच फडफडायचं नाही. लगेच जमलं.

किती दिवसांनी पोटभर हसले. देवा, उद्याचा दिवस नीट पार पडू दे.

२ मार्च, सकाळ

ठरवलं. आज मूठ नाही. पोटची पोर पुढे असताना मी खोटा हात वर करणार नाही. जो मागे आहे तो आहे. मोजून घेतलं की बिचारा शांत होईल, आणि समोरचेही जपून येतील.

अंगणात सगळ्यांना सांगितलं की आज आपण सहा आहोत असं दाखवायचं. रेनाल्द पाच बोटं, मग ते माँत्रेआलचे नवरा-बायको चार आणि तीन, नोएमी दोन, मी एक. रेनाल्द म्हणाला, डोकं फिरलंय तुझं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फेर्नांद बघत होती. तो निमूट गाडीवर बसला.

२ मार्च, दुपारी साडेतीन

झालं. सुखरूप परत आलो. जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिते आहे, फेर्नांद सूप गरम करते आहे.

कोपरापाशी समोरून चार गाड्या आल्या. मी एक बोट वर केलं, चांगलं उंच. आरशात पाहिलं. तो काच पुसायचा थांबला. मग पुढच्या गाड्यांनी एवढं बर्फ उधळलं की काही दिसेना, पुढचा लाल दिवा तेवढा धरून चालले. बर्फ खाली बसल्यावर आरशात पाहिलं, तर मागची वाट रिकामी. महिन्याभरात पहिल्यांदा रिकामी. हेल्मेटातल्या हेल्मेटात मी रडले.

किती साधी गोष्ट होती. त्याला मोजायला हवं होतं, बस. थांब्यावर गर्दी होती म्हणून आम्ही थांबलो नाही, सरळ परत आलो.

आल्याबरोबर सवयीने मोजलं. अंगणात गाड्या पाच. खुंट्यांवर हेल्मेटं पाच. फेर्नांदने वाडगे मांडले, तेही पाच. नोएमी वर अंघोळीला गेली असणार, बोटं गारठली असतील. रेनाल्दचं काळं हेल्मेट, नवरा-बायकोची दोन निळी, माझं पांढरं, आणि ते जुनं तपकिरी, काच आतून

नोएमीचं लाल आहे. लाल कुठे

३ मार्च

पिवळी गाडी अंगणात आहे. बर्फावर घसरणारी पुढची पट्टी मोडलेली, इंजिन हाताला गरम लागलं. शेडमागे ताडपत्री सपाट पडली आहे.

नोएमीची गाडी कुठेच नाही. पोलीस, स्नोमोबाइल क्लबची माणसं, हेलिकॉप्टर. नवरा-बायको म्हणतात, परत येईपर्यंत मागे दिवा होता. मीही तेच म्हणते. माझ्या पुढेही दिवा होता.

मी आकडा मोजला. तोंडं मोजली नाहीत.

४ मार्च

फेऱ्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. तीन वेगवेगळ्या जथ्यांनी सांगितलं, हो, लाल जाकीटवाली मुलगी, तुमच्याच शोधपथकाच्या मागे होती. सगळ्यात शेवटी. तुमच्या शेवटच्याने मूठ का दाखवली?

५ मार्च

पाहिली. मनोऱ्यांखाली. खूप लांब. मी थांबले की थांबते. मागे गेले की दिसत नाही.

काच पुसत होती —

६ मार्च

रेनाल्द रडला. स्वयंपाकघरात, फेर्नांदसमोर, टेबलावर डोकं ठेवून. मूठच होती म्हणाला. वीस वर्षांची सवय, हात आपोआप मिटला. फेर्नांदने फोन त्याच्यापुढे सरकवला. त्याने आधी पोलिसांना सांगितलं, मग आर्मांला. आर्मांने फोन ठेवला नाही म्हणे, शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मला तेवढं ऐकायला वेळ नव्हता. मला एवढंच कळतं: मी बोट दाखवलं, तो आत आला. आणि माझ्या पुढचं माणूस बाहेर पडलं. आकडा वाढत नाही. एक आत, एक बाहेर.

उद्या मी पुढे, रेनाल्द शेवटी. मी दोन बोटं दाखवणार, त्याने एक. त्याच्या पुढे मीच असेन.

त्याला कारण सांगितलं. नाही म्हणत होता. मी म्हटलं, तुझ्या हाताने एक बाहेर काढलास, त्याच हाताने एक आत आण. हो म्हणाला.

७ मार्च, सकाळी नऊ

उणे एकतीस. निघतो आहोत. फेर्नांदने खिशात गरम बटाटा घातला. नोएमी आली की तिला आधी खायला घाल, एवढं मी तिला सांगून ठेवलं. वही जाकिटात घेते आहे.

७ मार्च, लाकडी थांब्यात

त्याने बोट दाखवलं. मी आरशात पाहिलं, एकच बोट, सरळ. देव त्याचं भलं करो. मग बर्फ उधळलं. बर्फात लाल काहीतरी माझ्या शेजारून पुढे गेलं, अगदी गुडघ्याला घासून —

मग कोणी नाही.

शेगडी पेटवली. ऊब लागत नाही.

८ असेल. की ९

माणसं येतात, सूप पितात, जातात. माझ्या आरपार खिडकी बघतात. मी मोजते. चार. सहा. तीन.

काच आतून —

दिवस माहीत नाही. ऊन आहे.

पाच गाड्या थांबल्या. रेनाल्द. क्लबची तीन माणसं. लाल.

आत आली. समोर बसली आहे. वाळली आहे, पण जिवंत. गाल लाल. सूप घेत नाही, रेनाल्द घे म्हणतो. आईला शोधल्याशिवाय जाणार नाही म्हणते. मी तिच्या हाताला हात लावला. तिने हात चोळला, थंडी वाजली म्हणाली.

ती आता शेवटून जाते. हट्टाने. रेनाल्द तिला सांगतो आहे, मागे काहीही दिसो, पोरी, मूठच. त्याला आता पुरतं ठाऊक आहे. ती म्हणते, आणि आई असली तर? तो तिच्या पुढच्या माणसाकडे बघतो. विशीतला आहे तो माणूस. त्यालाही आई असेल.

बरोबर आहे रेनाल्दचं. नोएमी, मूठच. मी सांगते म्हणून मूठ.

निघाले. मी खिडकीशी. समोरून जथा येतो आहे. रेनाल्द चार. तीन. दोन. एक. नोएमी मागे वळून बघते आहे, थेट इकडे, मला बघते आहे, दिसले मी तिला, दिसले —

हात वर केला. कोपरापासून सरळ. बोटं अजून उघडी. नको बाळा. मिट. मिट —

मिटली. शहाणी माझी पोर. तिच्या मागे कोणी